खेळाडूपासून प्रशिक्षकापर्यंत: हेन्रिक रोडल यांच्या वाटेने

जळगाव किंवा धुळ्याच्या मैदानावर बास्केटबॉल खेळणाऱ्या ज्या खेळाडूला पुढे प्रशिक्षक व्हायचे आहे, त्याने जर्मनीच्या हेन्रिक रोडल यांची कारकीर्द अवश्य अभ्यासावी. १९९३ मध्ये जर्मनीकडून युरोपीय अजिंक्यपद जिंकलेले रोडल आल्बा बर्लिन या क्लबकडून ११ वर्षे खेळले, मग तिथेच प्रशिक्षक झाले. २०२१ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली जर्मन संघ टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरला.

आपणही खेळत असतानाच लहान मुलांचा एक गट शिकवायला घ्यावा. त्यांच्यासाठी रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर बसवावी, कारण ताकद पुरत नसताना उंच रिंगकडे चेंडू फेकला, की हाताला लागलेले चुकीचे वळण सुटता सुटत नाही. खानदेशी उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत आटोपावा. पदविकेसाठी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे.