आठ पुस्तकं, साक्षीदार एकही नाही

एम.ए.च्या लघुप्रबंधात मी लिहिलं होतं, 'फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले आणि कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं.' खाली तळटीप, तिच्यात आठ पुस्तकं. मला त्या तळटीपेचा भारी अभिमान होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिच्यावर पेन्सिल टेकवली आणि शांतपणे विचारलं, "या आठांना हे कुणी सांगितलं?" मी गप्प. "महाराजांचं एप्रिल १६६३ चं पत्र पाहिलंत? त्यात सिंहगडच लिहिलंय."

पत्र छापलेलं होतं. मी रोज बसायचे त्या टेबलामागच्याच कपाटात. चार वर्षं झाली, अजून आठवलं की कान गरम होतात.

समकालीन पत्र अव्वल, बखर दुय्यम, हे तुम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात शिकवलेलं असतं. मलाही शिकवलं होतं, आणि मी एकाही बखरीचा आधार घेतला नव्हता! सगळी आधुनिक, जाड, प्रतिष्ठित पुस्तकं. घात तिथेच झाला. आठ जण तेच सांगतात म्हणजे आठ साक्षी झाल्या, असं मी धरून चालले. पण गावात आठ जणांनी एकाच पारावर बसून ऐकलेली गोष्ट सांगितली, तर साक्षीदार किती? एक. आणि तोही तिथे हजर होता की नाही, ते वेगळंच.

मग सुट्टीत मी ड्रॉइंग पेपरवर त्या पुस्तकांची वंशावळ काढली. हे कंटाळवाणं काम आहे, पण करा. प्रत्येक पुस्तकाची तळटीप उघडायची, तिने दाखवलेलं पुस्तक काढायचं, त्याचीही तळटीप उघडायची, मूळ कागद हाती लागेपर्यंत. माझ्या आठांतली तीन एकाच पुस्तकावर उभी होती. दोघांनी आधारच दिला नव्हता. दोघांत एका गावाच्या नावाची मुद्रणचूक अगदी सारखी, म्हणजे कुणी कुणाचं उतरवलं ते उघडच झालं. उरलेले बाण फिरून फिरून पोवाड्यापाशी आणि उशिराच्या बखरींपाशी जाऊन थांबले. १६७० च्या आसपासचा कागद एकाच्याही बुडाशी नव्हता.

घोरपडीचंही तसंच. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातली. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास. तिच्यात घोरपड नाही, मावळे वानरासारखे कडा चढतात. 'गड आला पण सिंह गेला' हेही तिथे नाही. 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला' असं आहे. (आजोबांना हे सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तानाजींचं मरण याने तसूभरही लहान होत नाही, हे त्यांना पटवायला तिसरा दिवस लागला.)

एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पुढच्या मसुद्यात सगळ्याच बखरी उडवल्या. तो दुसरा मूर्खपणा. सभासद घटनांचा क्रम चुकवतो, पण गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत कसे नेमले जात, हे सांगताना तो पाहिलेलं सांगतो. मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८१० च्या आसपासची, तिच्याकडून तेवढी अपेक्षा धरू नये. आणि समकालीन कागद दिसला म्हणून लगेच नमस्कारही घालू नका. वतनाच्या भांडणात लोकांनी बनावट कागद बेधडक तयार केलेत. कागद कुणाच्या फायद्याचा आहे, ते आधी बघा.

तारखांचं थोडक्यात. इसवी सन काढायला शकात नुसते ७८ मिळवून मोकळे होऊ नका. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवलेत तर १६२९ येतं, पण तो फाल्गुन पडतो १६३० च्या फेब्रुवारीत. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन ही आणखी एक कालगणना भेटते, तिच्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढे ६०० मिळवायचे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर मोडी पत्राचा फोटो आणि खाली तयार लिप्यंतर येतं, ते वापरणाऱ्यांबद्दल मला बोलायचंच नाही. मोडी शिका. पहिले काही आठवडे अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, मग एके दिवशी 'राजश्री' आपोआप वाचता येतं. येतंच, घाबरू नका. आणि दर भेटीत 'छान चाललंय' म्हणणारा मार्गदर्शक मिळाला असेल तर स्वतःला नशीबवान समजू नका. माझे तसेच होते. फार प्रेमळ, आणि माझी एकही तळटीप त्यांनी कधी उघडून पाहिली नाही. त्या परीक्षक सरांचा मला तेव्हा संताप आला होता, आता पीएच.डी.चं प्रत्येक प्रकरण आधी त्यांनाच पाठवते.

नापास नाही केलं मला, दुरुस्ती करून घेतली. ड्रॉइंग पेपर अजून खोलीच्या दारामागे आहे. त्यावरचा एक बाण प्रश्नचिन्हापाशी अडकलाय, कारण त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती मला अजून मिळालेली नाही. आमच्या ग्रंथालयातल्या प्रतीची नेमकी शेवटची पानं वाळवीने खाल्लीत.