नवी रॅम बसवल्यावर तपासणी कशी करावी

नवी रॅम बसवली, विंडोज सुरू झालं, म्हणजे काम संपलं असं समजू नका. रॅम डीडीआर५ (नव्या पिढीची) असेल तर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. मदरबोर्ड मेमरीशी जुळवून घेत असतो, घाईने वीज तोडू नका.

आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एकूण जीबी पाहा. १६ऐवजी ८ दिसले तर बहुधा एक पट्टी नीट बसलेली नाही. वीज काढून ती काढा आणि पुन्हा दाबून बसवा, खटका ऐकू आला पाहिजे.

एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर केलेल्या जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग, अजून बंदच ठेवा. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामच्या चार फेऱ्या पूर्ण करा; रात्री लावून ठेवणं सोयीचं. एकही चूक चालवून घेऊ नका. एक बिट बिघडला तरी फाइल गुपचूप खराब होऊ शकते आणि बॅकअपमध्येही तीच प्रत जाते. चूक दिसलीच तर एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये घालून तपासा. एकच नापास झाली तर दोष पट्टीचा. सगळ्याच झाल्या तर स्लॉट बदलून पाहा.

हे निर्दोष पार पडल्यावरच एक्सएमपी लावा आणि पुन्हा तीच चाचणी घ्या. आता चुका आल्या तर पट्टी खराब असेलच असं नाही. वेग एक पायरी उतरवा. वेगवेगळ्या संचांतल्या पट्ट्या एकत्र लावल्या की असं बऱ्याचदा होतं.