कंपनीचा मेडिक्लेम असताना स्वतःची पॉलिसी घ्यावी का? असं ठरवा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीत कुणालाही विचारा, 'मेडिक्लेम काढलायस काय?' उत्तर ठरलेलं: 'कंपनीचा हाय की.' किती लाखांचा, आई-वडील त्यात आहेत का, असं पुढं विचारलं की गडी गप्प. त्यामुळं सुरुवात एजंटला फोन करून नको, कागद बघून करा.

आधी पगाराची स्लिप काढा. तिच्यात ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, ०.७५ टक्के कपात दिसली, तर तुमचं प्रकरण वेगळं आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. अवलंबून असलेले आई-वडीलही तिच्यात बसतात. मात्र उपचार ईएसआयच्या किंवा त्यांनी जोडलेल्या दवाखान्यातच घ्यावे लागतात. पगार मर्यादेपलीकडं गेला की चालू सहामाही संपल्यावर कपात थांबते आणि पुढं काही महिन्यांनी हे छत्रही जातं. पगारवाढीच्या पेढ्यांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात राहत नाही.

ईएसआय नसेल, तर एचआरला मेल टाकून चार गोष्टी लेखी मागवा: विम्याची रक्कम किती, घरातलं कोण कोण त्यात आहे, आपल्या खिशातून टक्केवारीनं काही भरायचं का, आणि खोलीभाड्याची मर्यादा किती. बहुतेकांचा घात शेवटच्या गोष्टीत होतो.

समजा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाडं त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतली आणि पाच दिवस राहिलात. भाड्याचे ३०,००० झाले, त्यातले १५,००० मिळतील. इथवर सगळ्यांना कळतं. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे १,२०,००० झाले असतील, तर तेही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात, म्हणजे ६०,००० च मिळतील. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना ही कात्री लागत नाही. त्यांचे ७०,००० धरले, तर २,२०,००० च्या बिलात ७५,००० तुमच्या खिशातून. विमा ३ लाखांचा असूनही! म्हणून खोली निवडण्याआधी मर्यादा माहीत हवी, आणि स्वतःची पॉलिसी घेताना शक्यतो अशी मर्यादा नसलेलीच घ्या.

एवढं असलं तरी कंपनीचा विमा सोडू नका. बीपी, शुगर अशी जुनी दुखणी त्यात बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेली असतात, बाळंतपणही असतं. बाहेर हे इतकं सहज मिळत नाही. अडचण अशी की नोकरी सुटली की विमाही सुटतो. कंपनी पुढच्या वर्षी रक्कम कमी करू शकते, आई-वडिलांना वगळू शकते. आणि निवृत्तीला, जेव्हा खरी गरज सुरू होते, तेव्हा हातात काहीच नसतं.

स्वतःच्या पॉलिसीचा खरा फायदा इथं आहे. जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम न मिळण्याचा काळ, असू शकतो. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. हे महिने तिशीत, तब्येत ठणठणीत असताना मोजून झालेले बरे. माझं मत विचाराल तर पंचविशी-तिशीत ५ लाखांची साधी पॉलिसी घ्या आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपुढचं बिल उचलणारा विमा, जोडा. पैसे कमी असतील, तर आधी नुसता सुपर टॉप-अप घेता येतो. कंपनीचा विमा ५ लाखांचा असेल, तर ५ लाखांच्या पुढचं बिल हा टॉप-अप उचलतो. पण नोकरी गेली की ते खालचे ५ लाख तुमच्याच डोक्यावर, हे धरून चाला.

नोकरी सोडताय? शेवटच्या दिवसाआधी विचारा, की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. त्यात आधीची वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जाऊ शकतात.

आई-वडिलांची पॉलिसी वेगळीच ठेवा. एकत्र फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराच्या मिळून एका पॉलिसीचा, प्रीमियम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसावर ठरतो. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, त्यांच्या नावावर खासगी विमा असला तरीही. या योजनेत आणि महात्मा फुले योजनेत कोणते उपचार बसतात, हे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

फॉर्म भरताना 'शुगर लिहू नका, प्रीमियम वाढतो' असं सांगणारा एजंट भेटला, तर एजंट बदला. तंबाखूसुद्धा लिहा. मुलगा पुण्यात आणि आई-वडील कोल्हापुरात, असं असेल तर कॅशलेस दवाखान्यांची यादी कोल्हापूर-मिरजेची बघा. वेबसाइटवर विसंबू नका, दवाखान्याच्या टीपीए डेस्कला (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारी संस्था) फोन करून खात्री करा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पटली नाही, तर परत करता येते.

खर्चाचं थोडक्यात: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. जुन्या करप्रणालीत स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० पर्यंतच्या प्रीमियमवर वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही.

दोन्ही विमे असले, तर आधी कंपनीचा वापरा आणि उरलेल्या रकमेसाठी स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम टाका. त्यासाठी पहिल्या क्लेमचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या साक्षांकित प्रती लागतात. त्या प्रती डिस्चार्जच्या दिवशीच बिलिंग काउंटरवरून मागून घ्या, मूळ कागद एकदा कंपनीच्या टीपीएकडं गेले की मागं लागावं लागतं.