चित्रातली गोष्ट वाचायची तर आधी हात बघा

चित्रासमोर उभं राहिलात की शेजारची माहितीची पाटी लगेच वाचू नका. दोन मिनिटं नुसतं बघा, आणि सुरुवात हातांपासून करा. कोण बोट दाखवतंय, कोणाची नजर कुठे वळलीय, हे धरून पुढे गेलात की गोष्ट उलगडायला लागते.

मग कपड्यांच्या रंगावरून एकच माणूस पुन्हा कुठे दिसतो का ते शोधा. इटलीत फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमधलं, म्हणजे तिथल्या छोट्या प्रार्थनागृहातलं, चित्रकार मसाच्चोचं ‘द ट्रिब्यूट मनी’ हे भित्तिचित्र घ्या, १४२० च्या दशकातलं. मध्यभागी कर वसूल करणारा पैसे मागतोय, येशू हातानं पाण्याकडे खूण करतोय आणि त्याचा शिष्य पीटर, त्याचाही हात तिकडेच. डावीकडे तोच पीटर, झगा काढून बाजूला ठेवलेला, काठावर वाकून माशाच्या तोंडातून नाणं काढतोय. उजवीकडे पुन्हा तोच, पैसे चुकते करताना. एकाच चौकटीत तीन प्रसंग! आणि क्रम कसा, तर आधी मध्य, मग डावीकडे, शेवटी उजवीकडे. डावीकडून वाचायची आपली सवय इथे हमखास चकवते. मला हे उमगलं तेव्हा त्या चित्राच्या फोटोवरूनही नजर हटेना.

पाटी वाचायची ती यानंतर.