डिक्रीवर चढणारा खर्च: घर नावावर असेल तर या चुका टाळा

दिवाणी कोर्टात पैशाचा दावा हरलेला माणूस मुद्दल बरोबर सांगतो. व्याज किती, खर्च किती आणि तो कुणी ठरवला, हे विचारलं की गप्प होतो. मग समोरच्याच्या वकिलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आकडा हाच कोर्टाचा आकडा असं धरून तडजोडीला बसतो, नाहीतर घाबरून बसतच नाही. दोन्ही महागात पडतं.

इथे हातउसने, व्यापारी उधारी, ठेकेदाराचं थकलेलं बिल अशा दाव्यांबद्दल लिहितो आहे. होमलोन थकलं असेल तर बँक सरफेसी कायद्याच्या (दावा न लावता तारणातून वसुली करू देणारा कायदा) वाटेने येते. सोसायटीचा मेंटेनन्स थकला असेल तर निबंधकांकडून महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला निघतो. त्या वाटा वेगळ्या, त्यांचे नियमही वेगळे.

निकालपत्र वाचलं, डिक्री वाचलीच नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि पुढच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात. निकालपत्रात कारणं असतात. वसुली होते ती डिक्रीवर, म्हणजे कुणी कुणाला किती द्यायचं हे सांगणाऱ्या कोर्टाच्या हुकुमावर. नक्कल विभागात अर्ज करून डिक्रीची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि शेवटी असलेला खर्चाचा तक्ता बघा. वादीचा खर्च एका बाजूला, प्रतिवादीचा दुसऱ्या. दाव्यावरचा स्टॅम्प, वकीलपत्रावरचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणी, कमिशनर नेमला असेल तर त्याची फी, अशा ओळी असतात. पैशाच्या दाव्यात यातला मोठा तुकडा बहुधा कोर्ट फीचा असतो. ‘वकील फी’ या ओळीतला आकडा नियमाप्रमाणे मोजलेला असतो आणि वादीने आपल्या वकिलाला खरोखर दिलेल्या पैशांपेक्षा बराच लहान निघू शकतो. उरलेली फी त्याची त्याने सोसायची.

अपवाद आहे. ‘व्यावसायिक विवाद’ म्हणून चाललेल्या दाव्यात २०१५ च्या कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ बदललं आहे. तिथे कोर्ट वाजवी वकील फी आणि प्रत्यक्ष खर्चही हरलेल्यावर टाकू शकतं. तरी तो टाकायचा कोर्टानेच. वकिलाचं बिल डिक्रीला आपोआप चिकटत नाही.

आता समजा, डिक्रीत मुद्दल ८,००,००० आहे, निकालापासून द. सा. द. शे. ६ व्याज आहे आणि खर्च ४६,००० आहे. दोन वर्षांनी देणं होतं ८,००,००० अधिक ९६,००० अधिक ४६,०००, म्हणजे ९,४२,०००. समोरून आलेल्या हिशेबात मात्र मुद्दल आणि खर्च एकत्र करून त्यावर १८ टक्के आणि वर ‘वकील फी ७५,०००’ धरलेली असेल, तर आकडा १२,२५,५६० वर जातो. दोन लाख त्र्याऐंशी हजारांचा फरक, आणि तो निव्वळ कागद न वाचल्याचा.

या हिशेबात तीन गोष्टी तपासायच्या. निकालानंतरचं व्याज याच संहितेच्या कलम ३४ प्रमाणे साधारणपणे ६ टक्क्यांच्या वर जात नाही. व्यापारी व्यवहारात करारातला दर लागू शकतो. निकालानंतरच्या व्याजाबद्दल डिक्री काहीच बोलत नसेल, तर ते नाकारलं असं कायदा धरतो. आणि हे व्याज मुद्दलावर असतं. खर्चावर व्याज देण्याची तरतूद कलम ३५ मधून १९५६ सालीच वगळली गेली. त्यामुळे डिक्रीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर खर्चावर व्याज मागणाऱ्याला ‘कुठे लिहिलंय, दाखवा’ म्हणायला कचरू नका.

तक्त्यात बेरजेची चूक सापडली तर कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. दावा चालू असताना तारीख वाढवून घेतल्याबद्दल कलम ३५ब प्रमाणे खर्च भरला असेल, तर त्या पावत्या शोधून काढा. भरलेला तो खर्च डिक्रीच्या खर्चात पुन्हा धरता येत नाही.

बाहेरच्या बाहेर पैसे दिले

‘आपसात मिटवलं’ हे वाक्य दरखास्तीत, म्हणजे डिक्रीच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जात, फार अंगलट येतं. आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोख देऊन हात मिळवायची सवय. कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवावी लागते (आदेश २१, नियम २). ती नोंद वादीने केली नाही, तर आपण अर्ज करायचा, आणि त्याला मुदत आहे फक्त ३० दिवस. नोंद नसलेली रक्कम दरखास्त चालवणारं कोर्ट विचारात घेत नाही. शिवाय त्याच पैशावर व्याजाचं मीटर चालू राहतं.

पैसे कोर्टात भरा, नाहीतर बँकेतून द्या. पाठवताना दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, दरखास्त असेल तर तिचा नंबर, आपलं नाव-पत्ता आणि रक्कम मुद्दल, व्याज, खर्च यांपैकी कशात धरायची, हे लिहा. नियम १ हेच मागतो. कोर्टात भरलेत तर वादीला नोटीस बजावून घ्या, कारण व्याज थांबतं ते नोटीस बजावल्या तारखेपासून. नुसतं चलन फाईलला लावून निश्चिंत राहू नका.

थोडे थोडे भरले की कर्ज उतरतं, हा समज

वरच्याच उदाहरणात दोन वर्षांनी एक लाख भरले, तर मुद्दल किती उतरलं? शून्य. डिक्रीत किंवा दोघांच्या लेखी समझोत्यात वेगळं ठरलेलं नसेल, तर रक्कम आधी व्याज आणि खर्चात जाते, आणि तिथेच १,४२,००० बाकी होते. तुकड्यांनी भरायचंच असेल तर रक्कम कशी वळती होणार, हे समोरच्याची सही घेऊन आधी ठरवा.

कोर्टाकडून हप्ते हवे असतील तर ते निकालाच्या वेळीच मागा. डिक्री झाल्यावर वादीच्या संमतीशिवाय हप्ते मिळत नाहीत, आणि तो अर्जही ३० दिवसांत करायचा असतो.

बेलीफ आला की दार लावून घेतलं

दरखास्तीत बेलीफाची फेरी, जप्ती, जाहीरनामा, लिलाव, प्रत्येक पायरीचा खर्च असतो आणि तो फिरून ऋणकोच्याच अंगावर येतो. दार लावल्याने एक फेरी वाढते, एवढंच. अपील केलं म्हणून वसुली थांबली असंही नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि पैशाच्या डिक्रीत कोर्ट सहसा रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगतं. निकाल एकतर्फी झाला असेल तर तो उठवण्याच्या अर्जाला डिक्रीपासून ३० दिवस. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर डिक्री कळल्यापासून ३०.

जप्तीनंतर घर बायकोच्या किंवा मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करणं ही आणखी एक लोकप्रिय युक्ती. कलम ६४ मुळे ते हस्तांतर डिक्रीदाराच्या हक्कापुढे टिकत नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च तेवढा वाया जातो.

घर विकूनच पैसे उभे करायचे असतील तर उघडपणे करा. आदेश २१ च्याच नियम ८३ प्रमाणे कोर्टाला सांगा, की लिलाव पुढे ढकलला तर मी खासगी विक्रीतून किंवा घर गहाण ठेवून रक्कम आणतो. कोर्टाला पटलं तर ते मुदत देतं. खासगी गिऱ्हाईक देईल तो भाव लिलावात मिळेलच असं नाही.

लिलावाच्या दिवशीही वाट बंद झालेली नसते. बोली कायम होण्याआधी देणं आणि लिलावाच्या खर्चासह सगळी रक्कम पुढे केली तर विक्री थांबवावी लागते. बोली कायम झाल्यावर मात्र नियम ८९ लागतो: ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम भरा आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के वेगळे भरा. चाळीस लाखांच्या बोलीवर ते दोन लाख होतात. त्याच वेळी लिलावातल्या गैरप्रकाराबद्दल नियम ९० चा अर्जही केलेला असेल, तर तो मागे घेतल्याशिवाय ८९ चा अर्ज चालत नाही. घाईत दोन्ही दाखल करणारे इथेच अडकतात.

तडजोड उशिरा केली

दावा चालू असतानाच मिटवायचं असेल तर लोकअदालत स्वस्त पडते. तिथे दावा मिटला की वादीला कोर्ट फी परत मिळते. म्हणून तडजोडीच्या रकमेत ‘कोर्ट फीचे एवढे’ अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा.

रक्कम पूर्ण फिटली की ‘पूर्ण फेड’ दरखास्तीत नोंदवून घ्या आणि जप्ती उठवल्याचा आदेश मागा. त्या आदेशाची नक्कल घेऊन सातबारा असेल तर तलाठ्याकडे, मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात आणि फ्लॅट असेल तर सोसायटीकडे अर्ज द्या. नोंद कमी झालेला नवा उतारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.