अमेरिकेतल्या वेल्फेअरवर वाद घालायचाय? आधी आकडा असा तपासा

अमेरिकेत वेल्फेअरवरून, म्हणजे गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवरून, भांडण पेटलं की एकजण हमखास म्हणतो, १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, इतका पैसा ओतला, तरी गरिबी आहे तिथेच, आणि दुसरा म्हणतो मदत दिली की गरिबी लगेच खाली येते, आणि गंमत म्हणजे दोघांच्याही हातात सेन्सस ब्युरोचाच, म्हणजे तिथल्या सरकारी जनगणना खात्याचाच आकडा असतो! म्हणून टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न हा, कुठल्या पद्धतीने मोजलीय?

जुनी अधिकृत गरिबीरेषा मॉली ओर्शान्स्की यांनी साठच्या दशकात काढली, किमान जेवणाचा खर्च गुणिले ३, आणि तीच महागाईप्रमाणे वाढवत आणलीय. त्यात फक्त टॅक्स कापायच्या आधीचं रोख उत्पन्न धरतात. फूड स्टँप (किराण्यासाठीची सरकारी मदत), घरभाड्याची मदत, टॅक्स क्रेडिट (टॅक्समधून मिळणारी सूट किंवा परतावा) यातलं काहीच त्यात येत नाही, मग मदतीचा परिणाम दिसणार कुठून? २०११ पासून येणाऱ्या सप्लिमेंटल म्हणजे पूरक आकड्यात हे सगळं धरतात, आणि टॅक्स, दवाखान्याचा खर्च वगैरे वजा करतात.

लहान मुलांचे आकडे बघा म्हणजे लक्षात येईल. २०२१ मध्ये चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे मिळणारं टॅक्स क्रेडिट वाढवलं, ६ वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० डॉलरपर्यंत. त्या वर्षी सप्लिमेंटलप्रमाणे मुलांमधली गरिबी ५.२ टक्के होती, वाढीव मदत बंद झाल्यावर २०२२ मध्ये थेट १२.४. आणि जुन्या पद्धतीने? १५.३ आणि १५, म्हणजे काही घडलंच नाही! अर्थात त्याच काळात कोविडमध्ये सरकारने लोकांना पाठवलेले मदतीचे चेकही थांबले होते, त्यामुळे सगळं श्रेय एकाच योजनेला देऊ नका. पण मदतीने फरक पडत नाही हे म्हणणं यापुढे तरी टिकत नाही असं मला ठामपणे वाटतं. खर्च किती करायचा, कुणाच्या पैशातून, यावर खुशाल भांडा.

दुसरा प्रश्न, वेल्फेअर म्हणजे नक्की कुठली योजना? रोख मदत वेगळी, मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) वेगळं. रोख मदतीवर क्लिंटननी १९९६ मध्येच सही करून ५ वर्षांची मर्यादा आणली, कामाची अटही घातली. "फुकट पैसे वाटतात" म्हणणाऱ्याला हे आधी सांगा.

कामाची अट ऐकायला रास्त वाटते, म्हणून ती प्रत्यक्षात कशी राबवतात तेही विचारा. अर्कान्सास राज्याने २०१८ मध्ये मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम करून ते ऑनलाइन कळवायची अट लावली, काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोकांचं विम्याचं कव्हर गेलं, पुढच्या वर्षी कोर्टाने ती थांबवली.

आणि फूड स्टँपच्या कार्डावर लोक काय वाट्टेल ते घेतात असं कुणी म्हणालं तर दुकानातला नियम सांगा. कच्चं चिकन चालतं, तिथेच भाजलेलं गरम चिकन सहसा चालत नाही. दारू नाही, सिगरेट नाही, साबण नाही आणि बाळाचे डायपरसुद्धा नाहीत.