मोठे टायर बसवल्यावर ट्रकच्या अ‍ॅक्सलचे गिअर गुणोत्तर कसे बदलावे

ट्रकला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की पहिल्याच चढावर फरक जाणवतो. गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, वरचा गिअर टिकत नाही, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो दोन गिअरांमध्ये सारखा खालीवर होत राहतो. इंजिनात दोष नसतो. टायरचा घेर वाढल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, म्हणजेच प्रत्येक गिअर आपोआप थोडा 'हाय' होतो, आणि इंजिनाला तेच वजन तोकड्या तरफेने उचलावे लागते. ही तरफ परत मिळवण्याचा खरा उपाय अ‍ॅक्सलमधील क्राऊन-पिनियन, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टकडचा छोटा गिअर (पिनियन) आणि तो फिरवतो तो मोठा गिअर (क्राऊन), बदलणे हा आहे. काम कष्टाचे आहे आणि त्यात घाई चालत नाही. मात्र योग्य गुणोत्तर निवडून ते नीट जुळवले, तर गाडी पुन्हा मूळच्या ताकदीने चालते.

आधी गाडीत सध्या कोणते गुणोत्तर आहे ते निश्चित करावे. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की गुणोत्तर मिळते. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात असतील तर ते ३.७३ होते, पिनियनला १० दात असतील तर ४.१०, आणि ९ असतील तर ४.५६. आकडा जितका मोठा, तितका गिअर 'लो' आणि ओढ अधिक, हे लक्षात ठेवावे, कारण खरेदीच्या वेळी नेमका इथेच गोंधळ होतो. डिफरन्शियलच्या, म्हणजे हे गिअर ज्यात बसतात त्या मधल्या फुगीर भागाच्या, झाकणाच्या बोल्टला कधीकधी गुणोत्तराची पट्टी लावलेली असते. पण जुन्या गाडीत आधीच कोणी गिअर बदललेले असू शकतात, म्हणून झाकण उघडून दात मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

त्यानंतरचे गणित सोपे आहे. जुन्या गुणोत्तराला नव्या टायरच्या व्यासाने गुणावे आणि जुन्या टायरच्या व्यासाने भागावे. समजा, गाडीला २६५/७० आर १७ मापाचे टायर होते. टायरच्या भिंतीची उंची २६५ च्या ७० टक्के, म्हणजे साधारण १८५.५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची उंची आणि १७ इंची रिमचे ४३१.८ मिलिमीटर मिळून व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच होतो. त्या जागी ३५ इंची टायर आले आणि मूळ गुणोत्तर ३.७३ असले, तर उत्तर ४.१३ येते. टायरवर छापलेले माप आणि प्रत्यक्ष माप यांत मात्र अनेकदा तफावत असते, शिवाय वजनाखाली टायर दबतो. म्हणून टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्यावा आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. जुन्या आणि नव्या टायरची ही दोन अंतरे सूत्रात व्यासाच्या जागी घातली तरी उत्तर तेच मिळते, आणि ते अधिक विश्वासार्ह असते.

बाजारात ४.१३ मिळत नाही, ४.१० मिळते आणि त्यापुढे बहुधा ४.५६. यांतून निवड करताना केवळ गणितावर विसंबू नये असे माझे ठाम मत आहे. मोठा टायर वजनानेही जड असतो, त्याला फिरवायला आणि थांबवायला अधिक जोर लागतो, आणि गाडी उंच झाली की हवेचा रोधही वाढतो. या तिन्ही गोष्टी सूत्रात येत नाहीत. ताशी ८० किलोमीटर वेगाला, डायरेक्ट गिअरमध्ये (गिअरबॉक्सचे गुणोत्तर १:१ असताना), जुन्या टायरवर ३.७३ ने इंजिन साधारण १,९७० फेरे घेत होते. नव्या टायरवर तेच १,७८० पर्यंत उतरते, ४.१० ने १,९६० आणि ४.५६ ने २,१८० होते. गाडी मुख्यतः सपाट रस्त्यावर, हलक्या भाराने धावत असेल तर ४.१० पुरे. ट्रेलर ओढायचा असेल, घाट चढायचे असतील किंवा कच्च्या वाटेने जायचे असेल तर ४.५६ घ्यावे, विशेषतः गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे डायरेक्टपेक्षाही वरचा गिअर, असेल तेव्हा, कारण महामार्गावर वाढलेले फेरे तो काही अंशी कमी करतो. मात्र आकडा जसा वाढतो तसा पिनियन बारीक होतो आणि त्याची ताकद घटते, त्यामुळे गरजेपेक्षा अधिक लो जाऊ नये.

सुटे भाग मागवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. क्राऊन आणि पिनियन एकमेकांशी जुळवलेली जोडी असते, ती जोडीनेच बदलावी. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा असे दोन्ही अ‍ॅक्सल एकाच गुणोत्तराचे हवेत, ४.१० आणि ४.११ इतका फरक चालतो, पण त्याहून अधिक तफावत असताना कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावले तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्ट आवळले जाऊन मोडू शकतात. तिसरी गोष्ट डिफरन्शियलच्या केसची, म्हणजे क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो त्या भागाची. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तरानंतर वेगळी केस लागते. उदाहरणार्थ, डाना ४४ या मॉडेलमध्ये ३.७३ पर्यंत एक आणि ३.९२ पासून पुढे दुसरी. शिवाय बेअरिंग, सील, शिम (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्या) आणि क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली, आवळल्यावर दबणारी नळी) नवेच घ्यावेत.

खोलताना गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी, चाकांना अडण्या लावाव्यात, ऑइल काढावे, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून तो सोडवावा आणि अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढावेत. बेअरिंग कॅप काढण्यापूर्वी पंचने डावी-उजवी खूण करावी, कारण त्या हाउसिंगबरोबरच घडवलेल्या असतात आणि अदलाबदल झाल्यास बेअरिंग नीट बसत नाही. जुन्या शिमची जाडी मोजून लिहून ठेवावी. जुळणीची सुरुवात तिथूनच होते. क्राऊनचे बोल्ट तेलकट राहू देऊ नयेत. थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत.

खरे काम आता सुरू होते. पिनियनची खोली शिमने ठरते, आणि प्रत्येक वेळी नवे बेअरिंग दाबून बसवणे व उपसणे हा जाच आहे. म्हणून जुन्या बेअरिंगचे आतले भोक घासून हाताने सरकेल इतके सैल करून ठेवावे आणि चाचणीसाठी तेच वापरावे. क्राऊन बसवून डायल गेजने दातांमधला प्ले, म्हणजे मोकळी जागा, तीन-चार ठिकाणी मोजावा. तो बहुतेक अ‍ॅक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, तरी अंतिम आकडा गिअर सेटसोबतच्या पत्रकातलाच मानावा. मग क्राऊनच्या काही दातांवर पिवळी मार्किंग पेस्ट लावावी, पिनियनवर थोडा रोध ठेवून क्राऊन दोन्ही दिशांना फिरवावा आणि उमटलेला ठसा भिंगासारख्या नजरेने पाहावा. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर, कडा विरत गेलेला हवा. तो दाताच्या मुळाकडे खोल गेला असेल तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे, शिम कमी करावी. तो दाताच्या माथ्याकडे चढला असेल तर पिनियन दूर आहे, शिम वाढवावी. प्रत्येक बदलानंतर प्ले पुन्हा मोजावा. ठसा बरोबर येण्यासाठी पाच-सहा वेळा उघडझाप करावी लागली तरी ती करावी; इथे 'चालेल' म्हटले की पुढे वेग वाढवताना किंवा पाय उचलताना अ‍ॅक्सल कण्हतो, आणि तो आवाज ऑइल बदलून जात नाही.

शेवटी नवे बेअरिंग आणि क्रश स्लीव्ह घालून पिनियनचा नट आवळावा. स्लीव्ह दबू लागायला शेकडो न्यूटन-मीटरचा जोर लागतो, पण एकदा दबू लागली की नटाच्या किंचित वळणानेही प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा दाब, झपाट्याने वाढतो. थोडे आवळावे, पिनियन फिरवून रोध मोजावा, पुन्हा थोडे आवळावे. नव्या बेअरिंगसाठी हा रोध अनेक अ‍ॅक्सलमध्ये दीड ते साडेतीन न्यूटन-मीटर असतो. एकदा मी नट जरा जास्त आवळला आणि तो मागे फिरवून भागेल असे समजलो. तसे भागत नाही, दबलेली स्लीव्ह परत उघडत नाही. नवी स्लीव्ह घालून पुन्हा सुरुवात करावी लागली.

जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल भरावे. लिमिटेड स्लिप (एकच चाक फार घसरू न देणारे) डिफरन्शियल असेल तर त्यासाठीचे फ्रिक्शन मॉडिफायर त्यात मिसळावे. पहिल्या दिवशी १५ ते २० मिनिटे मध्यम वेगाने चालवून अ‍ॅक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि असे दोन-तीनदा करावे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नये. त्यानंतर ऑइल बदलावे. त्यात बारीक चकाकणारी भुकटी दिसली तर ती नव्या दातांची घासणी असते, पण धातूचे तुकडे दिसले तर झाकण पुन्हा उघडावे.

स्पीडोमीटर विसरू नये. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सकडे असेल तर योग्य गुणोत्तराने आकडा बराचसा मूळ जागी येतो. चाकांवरील सेन्सर असतील तर क्राऊन-पिनियन बदलल्याने त्यात काहीच फरक पडत नाही, आणि ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात जवळजवळ ८९ ने धावत असते. अशा वेळी गाडीच्या संगणकात टायरचे नवे माप भरून घ्यावे, आणि नवे गुणोत्तरही त्याच वेळी नोंदवावे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअर योग्य वेगाला पडतील.